जागा उपग्रह सांगतो, रस्ता कोण सांगतं?

शिवडीहून न्हावा-शेवाकडे जाणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याच्या २१.८ किलोमीटर लांबीपैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर आहे. २०२२ सालचा नकाशा असलेला नॅव्हिगेटर काचेवर लावून आज या पुलावर गाडी घातली, तर पडद्यावर ती निळ्या पाण्यातून चाललेली दिसेल. यंत्र बिघडलेलं नसतं. गाडी नेमकी कुठे आहे हे त्याला चार-पाच मीटरच्या फरकाने बरोबर कळलेलं असतं. तिथे पूल झाला आहे, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

गाडीत लावायच्या या छोट्या यंत्राच्या पोटात दोन वेगवेगळी ज्ञानं एकत्र नांदतात. एक आकाशातून येतं आणि ते जवळजवळ निर्दोष आहे. दुसरं माणसांनी रस्त्यावर फिरून गोळा केलेलं असतं, आणि ते गोळा झाल्याच्या दिवसापासून शिळं व्हायला लागतं. यंत्र विकत घेताना लोक पहिल्याची चौकशी करतात. पैसे द्यायचे ते खरं तर दुसऱ्यासाठी.

आधी आकाशाकडचं पाहू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएसचं काम हाती घेतलं, १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह दिवसाला दोन प्रदक्षिणा घालतात. प्रत्येकजण अखंड सांगत असतो ते एवढंच, की मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले आहेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला सेकंदाचा सुमारे सात शतांश भाग लागतो. तेवढा उशीर मोजला की उपग्रहाचं अंतर कळतं, आणि तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा कळायला हवी.

अडचण घड्याळाची असते. उपग्रहात अणुघड्याळ आहे, आपल्या यंत्रात साधं क्वार्ट्झचं. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अंतरं एकमेकांशी जुळवताना यंत्राला जागेबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूकही सापडते. काही हजार रुपयांच्या वस्तूला अणुघड्याळाची वेळ अशी फुकट मिळते. या सगळ्या रचनेतला मला सर्वात देखणा वाटणारा भाग हाच आहे. आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही इथे रोज कामाला लागतो. वेगामुळे उपग्रहाचं घड्याळ किंचित मागे पडतं, वरच्या कमी गुरुत्वाकर्षणामुळे त्याहून जास्त पुढे जातं आणि दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक उरतो. तो हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून मोठी चूक साचेल.

सामान्य माणसापर्यंत ही सोय आली त्यामागे एक दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं मेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत हुकत असे. मे २००० मध्ये ही मिसळ बंद झाली. शंभर मीटरच्या चुकीत शेजारचे तीन रस्ते बसतात. त्यामुळे गाडीतल्या नॅव्हिगेटरचा खरा बाजार त्यानंतरच उभा राहिला.

एवढं कळलं की वापरतानाच्या बऱ्याच तक्रारींची कारणं कळतात. गाडी सुरू करताच यंत्र 'उपग्रह शोधत आहे' म्हणून थांबतं, कारण उपग्रह कुठे आहे याचा तपशील त्याला उपग्रहाकडूनच घ्यावा लागतो. तो सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाचा तपशील पूर्ण यायला ३० सेकंद लागतात, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. यंत्र महिनोन् महिने कपाटात पडलं असेल किंवा विमानाने दूर नेलं असेल, तर पहिल्यांदा हा वेळ जाणारच. मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी ठेवून तो जाऊ द्यावा. चालत्या गाडीत, झाडांच्या आणि इमारतींच्या आडून, तोच शोध जास्त लांबतो. फोनला हा तपशील मोबाइलच्या जाळ्यातून मिळतो, म्हणून तो चटकन जागा सांगतो. घाटात रेंज गेल्यावर फोन बंद करून पुन्हा चालू केला, तर त्यालाही वाट पाहावी लागते.

उड्डाणपूल हे दुसरं दुखणं. आपल्याला दिसणारे सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. त्यामुळे आडव्या दिशेतली जागा जितकी नेमकी मिळते तितकी उंची मिळत नाही. गाडी पुलावर आहे की खालच्या रस्त्यावर, हे यंत्र बहुतेक वेळा ठरवू शकत नाही. ते अंदाज बांधतं, आणि तोही नकाशाच्या आधाराने. मुंबई-पुण्याच्या उड्डाणपुलांवर आणि महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर ते चुकतं ते यामुळे. बोगद्यात तर आकाशच नाही. तिथे साधा नॅव्हिगेटर शेवटच्या वेगावरून गाडी पुढे सरकवत राहतो. बोगद्याच्या तोंडाशीच फाटा असेल, तर आत शिरण्याआधी पाटी वाचून ठेवावी.

खोक्यावर जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू या दुसऱ्या उपग्रह-यंत्रणांचीही नावं असतील तर चांगलं. आकाशाचा थोडाच तुकडा दिसणाऱ्या दरीत किंवा उंच इमारतींच्या गल्लीत जास्त उपग्रह उपयोगी पडतात. आपल्या इस्रोच्या नाविक यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांचे संदेश सामान्य ग्राहकांच्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या मुख्य वारंवारतेवर नव्हते. ती वारंवारता २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आली. जुन्या यंत्रात नाविक मिळेल अशी आशा म्हणूनच धरू नये. विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली गगन यंत्रणा मात्र अनेक यंत्रांना वापरता येते. जमिनीवरची केंद्रं जीपीएसच्या चुका मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून परत पाठवतात.

आता जमिनीकडचं ज्ञान. अमेरिकेत १९८५ मध्ये एटॅक नावाच्या कंपनीने गाडीत लावायचा एक नॅव्हिगेटर विकायला काढला. त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. चाकांच्या फेऱ्या आणि होकायंत्र यांवरून गाडीचा अंदाज घ्यायचा, आणि नकाशातल्या वळणांशी तो जुळवून दुरुस्त करायचा, अशी त्याची पद्धत होती. नकाशे कॅसेटवर असत. म्हणजे तिथे नकाशाच जागा सांगत होता. आजचं यंत्रही ही जुनी सवय सोडत नाही. पडद्यावरचा बाण रस्त्याच्या बरोबर मध्यावर दिसतो तो त्याने स्वतः सर्वात जवळच्या रस्त्यावर ओढून नेलेला असतो. नकाशात रस्ताच नसेल, किंवा चुकीच्या जागी असेल, तर हीच सोय फसवते.

भारतात हा नकाशा तयार करणं सोपं नव्हतं. १९९५ मध्ये राकेश आणि रश्मी वर्मा यांनी दिल्लीत सुरू केलेल्या, पुढे मॅपमायइंडिया म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीची माणसं गावोगाव फिरून रस्ते, फाटे, पेट्रोल पंप, देवळं नोंदवत राहिली. प्रत्येक रस्त्याबरोबर त्याचा दर्जा, एकेरी की दुहेरी, कुठे वळता येतं, अपेक्षित वेग किती, अशी माहिती लागते. यंत्र 'सर्वात जलद मार्ग' काढतं तो या आकड्यांच्या बेरजेतून. एखाद्या घाटरस्त्याला राज्यमार्ग म्हणून ताशी ६० किलोमीटर वेग लावला असेल, तर प्रत्यक्षात तिथे ३० नेच जाता येतं हे यंत्राला माहीत नसतं. वरंध किंवा आंबेनळी घाटात पोहोचण्याची वेळ हळूहळू पुढे सरकत जाते त्याचं कारण बहुधा हेच असतं. आणि पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद आहे, हे तर काचेवरच्या साध्या यंत्राला कळण्याचा मार्गच नाही.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात दिसलं. कळसूबाईला निघालेली पुण्याची तीन माणसं रात्री फोनवरच्या नकाशाप्रमाणे कोतूळहून अकोल्याच्या दिशेने चालली होती. वाटेतला जुना पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात वर्षातले काही महिने बुडतो. गावातल्या लोकांना ते ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं. गाडी अंधारात सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता आणि तिथे धड अडथळाही उभा केलेला नव्हता. दोन्ही ठिकाणी उपग्रहांनी जागा अचूकच सांगितली होती. रस्ता बंद असल्याची पाटी आणि आडवा बांबू लावणं हे प्रशासनाचं काम आहे, ते टळलं म्हणून नकाशाची चूक जीवघेणी झाली, हेही तितकंच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे.

अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात हे आधीच घडून गेलं होतं. ऑगस्ट २००९ मध्ये एक आई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा जीपीएसच्या भरवशावर आडवाटेला गेले, गाडी वाळूत रुतली, आणि मदत पोहोचेपर्यंत मुलगा दगावला होता. तिथल्या उद्यानाच्या रक्षकांनी पुढे नकाशा कंपन्यांच्या मागे लागून वापरात नसलेल्या जुन्या वाटा नकाशांतून काढायला लावल्या. आपल्याकडेही बैलगाडीची वाट, शिवाररस्ता आणि डांबरी रस्ता नकाशात एकाच जाडीच्या रेघेने दिसू शकतात. म्हणून यंत्र हातात आलं की पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन 'कच्चे रस्ते टाळा' हे चालू करायचं. आणि 'सर्वात कमी अंतर' हा पर्याय बंद ठेवायचा, तो चार किलोमीटर वाचवायला पाणंदीत घालतो.

मग असं यंत्र आज विकत घ्यावं का? ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर फुकट मार्गदर्शन सुरू केलं, तेव्हा गार्मिन आणि टॉमटॉम या दोन मोठ्या कंपन्यांचे शेअर गडगडले, आणि त्यानंतर हा बाजार आटत गेला. शहरात फिरणाऱ्याला फोन पुरतो, किंबहुना फोनच चांगला. वाहतूक कोंडी त्याला कळते, कारण हजारो फोन आपला वेग कळवत असतात. वेगळं यंत्र घ्यावं ते कोकणात, सह्याद्रीच्या घाटांत, विदर्भाच्या जंगलपट्ट्यात वारंवार जाणाऱ्याने, जिथे रेंज तासन् तास नसते. नकाशा सगळा यंत्रातच असतो, इंटरनेट लागत नाही. फोन उन्हात काचेजवळ तापून पडदा मंद करतो किंवा बंदच पडतो. फोनवर नकाशा पाहताना नेमका त्याच वेळी कोणाचा फोन आला की वळण हुकतं, वेगळ्या यंत्रामुळे तेही टळतं. मुलांकडे अमेरिकेत किंवा युरोपात जाऊन तिथे गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठांनाही मोठ्या पडद्याचं, एकच काम करणारं यंत्र सोयीचं वाटतं.

मात्र परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला 'येताना एक घेऊन ये' असं सांगण्याआधी विचारावं, की त्यात भारताचा नकाशा आहे का. तिथे विकल्या जाणाऱ्या यंत्रात सहसा त्याच खंडाचा नकाशा असतो. इथला वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो बऱ्याचदा त्या एकाच यंत्राला बांधलेला असतो. आणखी एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. नॅव्हिगेटर फक्त संदेश ऐकतो. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी, गिर्यारोहकांसाठीची हातातली यंत्रं दिसायला तशीच असतात, पण भारतात परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला असं यंत्र सामानात सापडल्यावरून अडवलं गेलं होतं. साधा गाडीचा नॅव्हिगेटर या वर्गात येत नाही, तरी मागवताना नाव आणि मॉडेल नीट तपासावं.

दुकानात पडद्याच्या आकारावर फार वेळ घालवू नये. पाच ते सात इंचांत काम भागतं, त्याहून मोठा समोरचा रस्ता झाकतो. विचारायचं ते नकाशाबद्दल. नकाशा कोणत्या महिन्याचा आहे, अपडेट किती वर्षं फुकट, ते वायफायवरून घेता येतात की संगणक जोडावा लागतो. दुकानातच एक परीक्षा घेता येते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. नागपूरहून भिवंडीचा मार्ग काढायला सांगा. यंत्र समृद्धीवरून थेट आमण्यापर्यंत नेत नसेल, तर त्यातला नकाशा कधीचा आहे ते तिथल्या तिथे कळलं. जुनं यंत्र स्वस्तात घ्यायचं असेल, तर तारीख बरोबर दाखवतं का ते पाहावं. जीपीएसच्या आठवड्यांचा आकडा १,०२४ झाला की शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ रोजी तो असा उलटला आणि काही जुन्या यंत्रांच्या तारखा, पोहोचण्याच्या वेळा बिघडल्या.

बॅटरीच्या भरवशावर राहू नये, ती बहुतेक यंत्रांत तासाभराची असते. चार्जर सॉकेटमध्ये लावूनच वापरायचं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते सोडून गेलं की बॅटरी फुगते आणि काचेवरचा सक्शन कपही सुटून पडतो. कप लावण्याआधी काच आणि कप दोन्ही ओल्या कापडाने पुसून कोरडे करावेत. जागा अशी निवडावी की मान न वळवता नजर जाईल, समोरचा रस्ता झाकणार नाही आणि एअरबॅगच्या झाकणावर काही येणार नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं, तर १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं संपर्क-उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरता येतं. चालत्या गाडीत पत्ता टाइप करणं यात बसत नाही. तो निघण्याआधी टाकावा, किंवा शेजारच्याने टाकावा.

पत्ता हा आपल्याकडे मोठाच प्रश्न आहे. 'फाट्यावरून आत, मारुतीच्या देवळामागे' हे यंत्राला कळत नाही. अशा वेळी अक्षांश-रेखांश मागवावेत, पण ते कोणत्या पद्धतीत लिहिले आहेत ते पाहूनच टाकावेत. पुणे साधारण १८ अंश ३१ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व इथे आहे. अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटं. हेच कोणी १८.३१ आणि ७३.५१ असं दशांशात टाकलं, तर ठिपका ४० किलोमीटरहून जास्त सरकून रायगड-तोरण्याच्या मधल्या डोंगरात जातो. २०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेला दहा अक्षर-अंकांचा डिजिपिन सुमारे चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगतो. नॅव्हिगेटरला तो थेट कळेलच असं नाही, पण त्यावरून अक्षांश-रेखांश काढता येतात.

कोकणात आणि गोव्यात 'फेरी टाळा' या सेटिंगकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे जेट्टीने गाडी खाडीपलीकडे नेता येते, नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा. वेश्वी-बागमांडला आणि गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट अशीच उपयोगाची. सेटिंग चालू असेल तर यंत्र हे मार्ग दाखवतच नाही, बंद असेल तर शेवटची बोट सुटून गेली तरी जेट्टीवर नेऊन उभं करतं. बोटीची वेळ जेट्टीवरच्या माणसाला फोन करूनच विचारावी. रात्रीच्या अनोळखी रस्त्यालाही हेच लागू आहे. पुढे धरण, साकव किंवा घाट दिसत असेल, तर शेवटच्या गावात टपरीवर थांबून 'रस्ता चालू आहे का' एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

आणि नकाशात चूक सापडली तर ती तशीच सोडू नये. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर चूक कळवायची सोय असते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला नकाशा तर कोणालाही दुरुस्त करता येतो. पावसाळ्यात बुडणारा पूल, बंद झालेली वाट, नवा बायपास, गावाचं मराठी नाव, सगळं त्यात भरता येतं. त्या नकाशावरून तयार केलेल्या फायली गार्मिनच्या बऱ्याच जुन्या यंत्रांत फुकट घालता येतात. भारताचा नकाशा नसलेलं, कपाटात पडून राहिलेलं यंत्र त्यामुळे पुन्हा वापरता येतं, आणि तुम्ही नोंदवलेला पूल पुढच्या फाइलबरोबर त्यात आलेला असतो.